सामाईक

मे महिन्यात धुळा कोकरे घाट चढायला निघाला
तेव्हा त्याच्या कळपातली सात माझ्याकडे राहिली.
दोन लंगडी, एक म्हातारी, बाकीची हिशेब पुरा करायला.
"आई, पावसाचं ह्यांचं पाय कोरडं ठेव," म्हणाला,
"पोटाचं त्या बघत्यात."
मी साठीची बाई, भात आणि मासळीतली.
लोकर म्हणजे मला दुकानातला गोळा.

पेंधरच्या मागे आमचे साडेअकरा गुंठे.
सातबाऱ्यावर अकरा नावं.
त्यातली चार वारलेली, एक दुबईला,
एकीने मरेपर्यंत सही करणार नाही अशी शपथ घेतलेली.
ती मीच.

एकोणीस वर्षं तिथे नांगर गेला नाही.
आधी गवत आलं, मग टाकळा, मग घाणेरी,
मग कुणीतरी फेकलेल्या कमोडातून उगवलेला एरंड.
पत्र्याआडून डोकावून माणसं म्हणायची,
जागा रिकामी आहे.

वाड्याला छप्पर वाढदिवसाच्या फ्लेक्सचं,
शुभेच्छुकांचे चेहरे आतल्या बाजूला.
रात्री टॉर्च मारली की
खाली सात मेंढरं, वर बावीस माणसं,
सगळी माझ्याकडेच बघतात.

वाटलं होतं, सोडायची आणि बसायचं.
पण मेंढी खाते गवत, तेही निवडून.
घाणेरीला तोंड लावत नाही, लावलं तर वाईट.
ठिपकीने लावलं.
कान सुजले, नाकावरची कातडी सोलून निघाली,
उन्हात उभी राहीना.
नऊ दिवस तिला फ्लेक्सखाली ठेवली,
गुळाचं पाणी पाजलं, वर शिव्या.
मग मीच वाकले.
घाणेरी उपटायची ती पावसाच्या दुसऱ्या दिवशी,
माती सैल असते तेव्हा, बुडाशी पाय देऊन.
हाताचा वास रात्री भाताच्या घासालाही येतो.

श्रावणात खूर कुजायला लागले.
एकेकीला मांडीशी बसवून,
माणसासारखी बसते मेंढी, पाठ टेकून, थोडी ओशाळून,
नखं कापली, मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवले.
वरून मेट्रो गेली, जवळजवळ रिकामी.
काचेला नाक लावून एक पोर आम्हाला मोजत होतं.
आठ.

भाद्रपद सरता सरता गवत बसलं
आणि खालून आधी उंचवटा निघाला,
मग ओळ, मग कोपरा.
बांध.
बापाच्या हातचा, पाणी सोडायच्या खांडीसकट,
खांडीत बसवलेला जात्याचा अर्धा दगडही जागेवर.

मला सगळं पाठ होतं. कोर्टातही तसंच सांगितलं होतं मी:
बांध ताडाच्या पलीकडे, आमच्या काथोरने जागा दाबली.
मेंढरांनी खाल्लं तेवढ्यावरून दिसत होता
ताडाच्या अलीकडे.
सहा हात.

टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.
ठिपकी आली आणि बांधावर मुतली.

चार दिवस कळप तिकडे नेला नाही.
गवत परत वाढतं का, बघत होते.
ऊन कडक. वाढलं नाही.

पाचव्या दिवशी काथोर, कोयता घेऊन,
त्याच्या बाजूची घाणेरी तोडायला.
चुलत भाऊ. इतका वाकलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
"केवढ्याला घेतलीस गो मेंढरा?"
मी आकडा सांगितला, हजाराने कमी.
त्याने बांधाकडे बघितलं, खांडीकडे, मग ताडाकडे.
म्हातारी मेंढी त्या सहा हातांत शिरली होती.
तिथलं गवत चांगलं आहे.
मी हाकायला उठले.
"चरू दे," म्हणाला, आणि कोयता मारायला लागला.

"नुसती तोडू नको," मी म्हटलं,
"मुळासकट काढ. परत येते ती."

दुपारभर उपटत होतो, एकमेकांकडे पाठ करून,
आधी कोण दमतं ते ऐकत.